ग्रुपने भारत फिरायला निघताय? यवतमाळच्या पोरांनी बॅग भरण्याआधी समजून घ्यावं असं सगळं काही

दिवाळी संपते. कुणीतरी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढतं. नाव ठरलेलं असतं, ‘मनाली पक्कं’ नाहीतर ‘या वर्षी जाऊच’. ग्रुपमध्ये अकरा जण असतात. पहिल्या दिवशी दोनशे मेसेज येतात. आठव्या दिवशी चार जण ‘घरी विचारून सांगतो’ म्हणतात. पंधराव्या दिवशी दोघं गुपचूप ग्रुप सोडतात. शेवटी बसस्टँडवर बॅग घेऊन उभे असतात तिघं किंवा चौघं.

पुढचे दहा-पंधरा दिवस या चौघांची मैत्री कसाला लागते. पाठीवर एक बॅग, खिशात मोजके पैसे, स्वस्तात स्वस्त खोली आणि जमेल तिथे एसटी, रेल्वे, शेअर ऑटो. यालाच बॅकपॅकिंग म्हणतात. काही जण या प्रवासातून आयुष्यभराचे दोस्त होऊन परततात, तर काही जण परतीच्या गाडीत वेगवेगळ्या डब्यांत बसतात.

हा फरक नशिबाने पडत नाही. तो कशाने पडतो आणि त्यावर निघण्याआधी काय करता येतं, हे यवतमाळ जिल्ह्याच्या निमित्ताने पाहू.

ग्रुपने फिरणं यवतमाळला नवं नाही

बॅकपॅकिंग हा शब्द बाहेरून आला. सामान लादून, सोबतीने देशभर फिरण्याची रीत मात्र या जिल्ह्याच्या मातीत जुनी आहे.

पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव या भागात बंजारा समाजाच्या वस्त्या आहेत. या वस्त्यांना आजही तांडा म्हणतात. रेल्वे येण्याआधी बंजारा व्यापारी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखच्या मुलूख पार करायचे. या मालवाहतुकीला लदेणी म्हणत. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आणि रस्ते वाढत गेले, लदेणीचा धंदा बसला आणि तांडे एका जागी स्थिरावले. १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक हे याच जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे.

आजच्या ग्रुपने तांड्याकडून एक गोष्ट नक्की घ्यावी. तांड्याला नायक असायचा आणि त्याच्या जोडीला कारभारी. कुठे थांबायचं, कधी निघायचं, भांडण झालं तर कुणाचं ऐकायचं, हे आधीच ठरलेलं असायचं. आजच्या बहुतेक ग्रुपमध्ये नेमकं हेच ठरलेलं नसतं. मग रात्री अकरा वाजता अनोळखी स्टेशनबाहेर चार जण चार बाजूंना तोंड करून उभे असतात.

यवतमाळहून निघणं थोडं अवघड का आहे?

मुंबई-पुण्याचा ग्रुप घरून निघतो आणि थेट मोठ्या स्टेशनवर पोहोचतो. यवतमाळच्या ग्रुपला आधी स्टेशन गाठावं लागतं.

यवतमाळ शहराला एके काळी शकुंतला होती. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही नॅरो गेज लाइन कापूस वाहून नेण्यासाठी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या पुढाकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होतं. त्यानंतर डिझेल इंजिन आलं. आता ही गाडी बंद आहे.

वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या ब्रॉड गेज मार्गातला वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. लांब पल्ल्याच्या गाडीसाठी मात्र बहुतेकांना धामणगाव, वर्धा, बडनेरा किंवा नागपूर गाठावं लागतं.

रस्त्याच्या बाबतीत जिल्हा नशीबवान आहे. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पांढरकवड्यावरून जातो. तुळजापूरहून नांदेड, यवतमाळ, वर्धा करत बुटीबोरीला पोहोचणारा महामार्ग ३६१ यवतमाळ शहरातून जातो. त्यामुळे इथल्या ग्रुपची सुरुवात बहुतेक वेळा एसटीनेच होते.

एसटीबद्दल दोन गोष्टी माहीत असाव्यात. ‘आवडेल तेथे प्रवास’ योजनेत ४ किंवा ७ दिवसांचा पास मिळतो. राज्यातल्या राज्यात फिरायचं असेल तर तो फायद्याचा ठरू शकतो. दुसरं म्हणजे मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पण ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच. मुलं-मुली मिळून ग्रुप असेल तर तिकिटाचे पैसे सरसकट समान वाटायचे की ज्याचं त्याने द्यायचं, हा पहिला वाद इथेच सुरू होतो.

सोबत असल्याचा खरा फायदा कुठे?

खर्च वाटला जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण सगळाच खर्च वाटला जात नाही. रेल्वेचं तिकीट, जेवण, प्रवेश फी हे माणशी लागतं. चार जण असले म्हणून ते कमी होत नाही. कमी होतो तो खोली आणि गाडीचा खर्च.

जिल्ह्यातलंच उदाहरण म्हणजे टिपेश्वर अभयारण्य. पांढरकवड्याजवळचं हे सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं जंगल वाघांसाठी ओळखलं जातं. इथे जिप्सीने सफारी करता येते. जिप्सीचं भाडं गाडीमागे असतं. एकटा गेला तर सगळा भार त्याच्यावर, सहा जण गेले तर तोच भार सहावा हिस्सा. स्पिती, लडाख, मेघालय अशा ठिकाणीही हेच गणित लागतं. तिथे सार्वजनिक वाहतूक कमी आणि भाड्याच्या गाडीवर मदार जास्त.

उलट वाराणसी, जयपूर, हंपी, पुद्दुचेरी अशा ठिकाणी चालत, सायकलने किंवा शहर बसने बरंच फिरता येतं. होस्टेल किंवा डॉर्मिटरीत बेडचे पैसे माणशी लागतात. तिथे एकटा आणि चौघं यांच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. म्हणजे ‘ग्रुपने गेलं की स्वस्त पडतं’ हे डोंगराळ आणि दुर्गम भागाला लागू होतं, सगळीकडे नाही.

पैशापलीकडचे फायदे जास्त मोलाचे. स्टेशनवर एक जण बॅगांजवळ थांबतो आणि दुसरा खोली शोधतो. एकाला ताप आला तर दुसरा औषध आणतो. रात्रीच्या जनरल डब्यात पाळीपाळीने झोपता येतं. आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यातल्या अनेक मुलींसाठी तर सोबत हाच घरून मिळणारा पासपोर्ट असतो. ‘एकटी नको, मैत्रिणी असतील तर जा’ हे वाक्य कितीतरी घरांत ऐकू येतं. त्यामुळे ऐनवेळी दोन मैत्रिणींनी माघार घेतली की तिसरीचाही प्रवास रद्द होतो. ‘येते’ म्हणताना आपल्या शब्दावर दुसरीचं जाणं अवलंबून आहे, हे लक्षात घेतलेलं बरं.

तिकीट काढताना ग्रुप कुठे फसतो?

रेल्वेचे काही नियम मित्रांच्या ग्रुपला हमखास अडवतात.

• आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. नोव्हेंबर २०२४ आधी ही मुदत १२० दिवसांची होती. त्यामुळे ‘अजून बराच वेळ आहे’ म्हणणारा जुन्या हिशोबात अडकलेला असतो.

• ऑनलाइन एका तिकिटावर जास्तीत जास्त ६ प्रवासी येतात, तत्काळमध्ये ४. सात जणांचा ग्रुप म्हणजे दोन तिकिटं, आणि बऱ्याचदा दोन वेगळे डबे.

• एकाच पीएनआरवर काहींचं कन्फर्म आणि काहींचं वेटिंग राहिलं तर ई-तिकीट आपोआप रद्द होत नाही. सगळ्यांची नावं चार्टवर येतात आणि सगळ्यांना प्रवास करता येतो, फक्त बर्थ वाटून घ्यावा लागतो. पीएनआरवरचे सगळेच वेटिंगवर राहिले तर मात्र ई-तिकीट रद्द होतं आणि पैसे परत येतात.

• सगळ्यात मोठा गैरसमज नाव बदलण्याचा. कन्फर्म तिकिटावर नाव बदलून मिळतं, पण ते आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, नवरा-बायको यांच्यापुरतं. एक मित्र गळाला म्हणून त्याच्या जागी दुसरा मित्र नेता येत नाही. गळालेल्याचं तिकीट रद्द करावं लागतं आणि नव्याला नवं काढावं लागतं.

• कन्फर्म तत्काळ तिकीट स्वतःहून रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत.

म्हणून तिकीट काढण्याआधीच ठरवून टाकावं, की जो गळेल त्याच्या रद्द तिकिटाचा तोटा त्यानेच सोसायचा. हे बोलायला जड जातं, पण नंतर बोलायला त्याहून जड जातं.

ईशान्येकडे जायचं असेल तर आणखी एक काम असतं. अरुणाचल प्रदेश, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर या राज्यांत जायला भारतीय नागरिकांनाही इनर लाइन परमिट लागतं. ते प्रत्येकाच्या नावाने निघतं. चौघांपैकी एकाचं राहिलं तर चौघंही अडकतात.

जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालतं. त्या बाजूला जाणाऱ्या ग्रुपमध्ये निदान एकाकडे तरी पोस्टपेड सिम असावं.

टीटीएमएम की कॉन्ट्री?

मैत्रीत पैशाचं बोलायचं नाही, या संकोचातूनच प्रवासातले सगळ्यात कडू वाद जन्मतात. एरवी शंभर-दोनशे रुपयांचा हिशोब कुणी ठेवत नाही. प्रवासात मात्र रोज दहा ठिकाणी पैसे निघतात आणि ‘मीच का देऊ’ हा प्रश्न चौथ्या दिवशी डोकं वर काढतो.

दोन पद्धती रूढ आहेत. एक टीटीएमएम, म्हणजे तुझं तू, माझं मी. दुसरी कॉन्ट्री, म्हणजे सगळ्यांनी सुरुवातीला सारखी रक्कम जमा करायची आणि एकाने खर्च करायचा. दोन्ही एकत्र वापरल्या तर भांडणं कमी होतात. खोली, भाड्याची गाडी, पाणी आणि सगळ्यांचं साधं जेवण कॉन्ट्रीतून, आणि खरेदी, जास्तीचं खाणं, राफ्टिंग-पॅराग्लायडिंगसारखी हौस ज्याची त्याची.

पैसे सांभाळणारा आणि मार्ग ठरवणारा एकच नसावा. नाहीतर एकाच माणसावर सगळा ताण येतो आणि बाकीचे फक्त तक्रार करायला मोकळे राहतात. हिशोब रोज रात्री झोपण्याआधी ग्रुपवर टाकावा. दोन मिनिटांचं काम आहे. शेवटच्या दिवशी पंधरा दिवसांचा हिशोब कुणालाच आठवत नाही. डोंगरात नेटवर्क नसतं आणि यूपीआय चालत नाही, तेव्हा थोडी रोकड प्रत्येकाच्या खिशात हवी.

यातला नाजूक मुद्दा म्हणजे सगळ्यांची ऐपत सारखी नसते. एकाच ग्रुपमध्ये एकाच्या वडिलांची नोकरी असते आणि दुसऱ्याच्या घरचा सगळा हिशोब कापसाच्या भावावर ठरतो. एसी खोलीचा विषय निघाला की दुसरा गप्प बसतो. तो ‘चालेल’ म्हणतो, पण त्याला चालणार नसतं. म्हणून दिवसाला जास्तीत जास्त किती खर्च करायचा, हा आकडा ज्याची ऐपत सगळ्यात कमी त्याला विचारून ठरवावा. कुणाला मागाहून उधारी मागायची वेळ आली की ती मैत्री पहिल्यासारखी राहत नाही.

कुणालाच जायचं नव्हतं, तरी सगळे गेले

‘मला काहीही चालेल’ या वाक्याने ग्रुपचं जितकं नुकसान होतं तितकं भांडणानेही होत नाही. त्यामागचं कारण अमेरिकेतले व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक जेरी हार्वे यांनी १९७४ साली एका लेखात मांडलं.

टेक्सासमधल्या कोलमन गावात भर उन्हाळ्यात त्यांचं कुटुंब घरी निवांत बसलं होतं. पारा चाळिशीत होता. सासऱ्यांनी सहज म्हटलं, ॲबिलीनला जाऊन जेवू या. बायको म्हणाली, छान कल्पना आहे. हार्वेही हो म्हणाले, सासूबाईही हो म्हणाल्या. एसी नसलेल्या गाडीतून सुमारे ८५ किलोमीटर धूळ खात सगळे गेले, बेचव जेवले आणि तितकंच अंतर कापून परत आले. घरी आल्यावर कळलं की जायचं कुणालाच नव्हतं. सासऱ्यांनीसुद्धा बाकीचे कंटाळले असतील म्हणून सुचवलं होतं. याला ‘ॲबिलीन पॅराडॉक्स’ म्हणतात.

मे महिन्यातला यवतमाळचा उकाडा ज्यांनी सोसलाय त्यांना ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही. यावर साधा उपाय आहे. निघण्याआधी प्रत्येकाने दोन ठिकाणं लिहून द्यायची. एक, जे चुकलं तर वाईट वाटेल असं. दुसरं, जिथे अजिबात जायचं नाही असं. मार्ग या यादीवरून ठरवायचा. आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मोकळा ठेवायचा. त्या दिवशी ज्याला झोपायचंय तो झोपेल, ज्याला किल्ला पाहायचाय तो किल्ला पाहील. पंधरा दिवस चोवीस तास एकत्र राहणं नवरा-बायकोलाही जड जातं, मित्रांचं काय घेऊन बसलात!

ग्रुपमुळे जीव धोक्यात येतो तेव्हा

सोबत असली की हिंमत वाढते. हीच हिंमत कधीकधी घात करते.

यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर आहे, तर लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर. विमानाने थेट लेहला उतरलेल्या माणसाच्या शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळ लागतो. पहिले दोन दिवस आराम हवा. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, झोप न लागणं ही त्रासाची लक्षणं आहेत. ग्रुपमध्ये होतं असं, की एकाचं डोकं ठणकत असतं, पण ‘माझ्यामुळे सगळ्यांचा प्लॅन बिघडेल’ म्हणून तो गप्प राहतो आणि सगळे आणखी उंच खिंडीकडे निघतात. लक्षणं असताना वर चढायचं नसतं. ती वाढत असतील तर खाली उतरणं हाच उपाय आणि डॉक्टरांना गाठणं हे पहिलं काम. ‘जो सगळ्यात हळू, त्याच्या वेगाने ग्रुप चालणार’ हा नियम निघतानाच ठरवावा.

पाण्याचंही तेच. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. पावसाळ्यात तो रौद्र होतो. अशा ठिकाणी एक जण फोटोसाठी पुढे जातो, त्याला पाहून दुसरा जातो. एकाचा पाय घसरला की त्याला वाचवायला पोहता न येणारा मित्र उडी घेतो आणि एकाऐवजी दोन जीव जातात. बुडणाऱ्याला वाचवायचं तर काठावरून दोर, ओढणी, लांब काठी फेकावी, आरडाओरडा करून माणसं गोळा करावीत. देशभर आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि रेल्वेत १३९ हे नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असावेत.

सोबत तुटली तर?

मराठीतलं एक गाजलेलं प्रवासवर्णन मुळात दोघांच्या सोबतीचं आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काका रामभटांना घेऊन उत्तरेकडे निघाले. घरावर कर्ज होतं आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याचं कळलं होतं. दक्षिणा मिळेल, या आशेने निघालेले काका-पुतणे थेट १८५७ च्या उठावात सापडले. झाशीच्या वेढ्यात अडकले, लुटले गेले, तरी एकमेकांना धरून परत आले. त्यांचं ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ मध्ये चिं. वि. वैद्य यांनी प्रसिद्ध केलं. प्लॅन कोलमडला तरी प्रवास निभावता येतो, याचं हे मोठं उदाहरण.

दुसरं उदाहरण यवतमाळच्या शेजारचं. वरोऱ्याजवळ आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमटे यांनी १९८५ मध्ये कन्याकुमारी ते काश्मीर ‘भारत जोडो’ यात्रा काढली. शंभरावर तरुण-तरुणी सायकलवर होते. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येत नव्हतं, म्हणून ते गाडीत आडवे पडून सोबत होते. सगळ्यांना एकाच पद्धतीने प्रवास करावा लागत नाही, हे यातून दिसतं.

म्हणूनच वाटेत वेगळं होणं म्हणजे मैत्री संपणं नव्हे. एकाला ऋषिकेशला थांबायचंय आणि दुसऱ्याला पुढे जायचंय, तर दोन दिवस वेगळं फिरून पुढच्या शहरात भेटता येतं. त्यासाठी तीन गोष्टी पाळाव्यात. कुणालाही न सांगता वेगळं व्हायचं नाही. लाइव्ह लोकेशन चालू ठेवायचं आणि घरी कळवायचं. ओळखपत्र, थोडी रोकड आणि परतीच्या तिकिटाची प्रत प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवायची. सगळ्यांचं आधार कार्ड एकाच बॅगेत असेल तर ती बॅग हरवताच सगळा ग्रुप बिनओळखीचा होतो.

आधी दोन दिवस जिल्ह्यातच

पंधरा दिवसांच्या प्रवासाआधी दोन दिवसांची रंगीत तालीम करून पाहावी. यवतमाळहून कळंबला एसटीने जाऊन जमिनीच्या पातळीखाली असलेलं चिंतामणीचं मंदिर पाहावं, पुढे पांढरकवड्याला मुक्काम, सकाळी टिपेश्वरची सफारी. पावसाळ्यात सफारी बंद असते, एवढं ध्यानात ठेवावं.

कोण वेळेवर उठतं, कोण पैसे द्यायची वेळ आली की फोनवर बोलायला लागतं, भूक लागल्यावर कुणाचा पारा चढतो, गाडी चुकल्यावर कोण हसतं, हे सगळं या दोन दिवसांत कळतं. खर्चही फार होत नाही.

याच टिपेश्वरमध्ये जन्मलेला एक वाघ २०१९ मध्ये एकटाच निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळे त्याची वाट नोंदली गेली. तेलंगणा आणि महाराष्ट्रातले अनेक जिल्हे पालथे घालत, सुमारे तीन हजार किलोमीटर चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. लोक त्याला ‘वॉकर’ म्हणू लागले. तो हद्द आणि जोडीदार शोधत निघाला असावा, असं अभ्यासकांचं मत होतं, पण ज्ञानगंगेत दुसरा वाघच नव्हता.

वाघाला सोबत निवडता आली नाही. बॅग भरणाऱ्या पोरा-पोरींना ती निवडता येते. मनाली की मेघालय हे नंतर ठरलं तरी चालतं, कुणासोबत जायचं हे आधी ठरवावं.